मोफत शिबिर, चहा-बिस्किटांसह

काशिनाथने मुरगाव बंदरातली बावीस वर्षांची नोकरी सोडून पेडण्यात लग्नाचा हॉल बांधायला घेतला, तेव्हा त्याला चार गोष्टी सांगायला गावातली बरीच माणसं पुढे आली. त्याने एकाचंही ऐकलं नाही. बंदरात जहाजांवर खनिज चढवायच्या नोंदी ठेवताना तो परदेशी कप्तानांशी हातवारे करून का होईना, पण बोललेला होता. असा माणूस वाड्यावरच्या शंभूचं काय ऐकणार? बायकोचं तर तो ऐकायचाच नाही. भागीरथी काही बोलायला लागली की तो 'हां, हां' म्हणायचा, आणि ते हां म्हणजे नाही हे तिला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं.

हॉल मात्र देखणा झाला. 'सुमुहूर्त सभागृह' असं लाल अक्षरांत नाव, पाचशे माणसांच्या खुर्च्या, दोन्ही बाजूंना मोठमोठ्या खिडक्या, मागे ऐसपैस स्वयंपाकघर आणि त्यात पाचशे पानांचा स्वयंपाक होईल एवढी भांडी. मधोमध मुंबईहून आणलेलं झुंबर. ते बसवायला कोल्हापूरकडचे दोन कामगार दीड दिवस शिडीवर होते आणि काशिनाथ दीड दिवस खाली हात पसरून उभा होता, पडलंच तर झेलायला.

पण दीड वर्षात त्या झुंबराखाली एकाही नवरीने मुंडावळ्या बांधल्या नाहीत. कार्यक्रम झाले ते दोन. एक पोलिओच्या डोसाचा आणि दुसरा कसल्याशा सरकारी प्रशिक्षणाचा. दोन्ही फुकट, आणि दुसऱ्यात पाण्याची टाकी तेवढी रिकामी झाली. स्वयंपाकघरातल्या टोपांवरचे दुकानाचे कागदही अजून निघाले नव्हते. गावात लग्नं होत नव्हती असं नाही. देवळाच्या मंडपात होत होती, अंगणात होत होती. शेजारच्या शंभूने तर आपल्या मुलीचं लग्न हॉलच्या समोरच्या कुणग्यात, म्हणजे भातशेताच्या तुकड्यात, मांडव घालून लावलं आणि वर हॉलच्या नळाला पाइप जोडायची परवानगी मागितली. काशिनाथने ती दिली, आणि आठ दिवस जेवणावर राग काढला.

"आमच्या हॉलाक कितें झाला?" त्याने एकदा शंभूला सरळ विचारलं.

"हॉल बरो आसा," शंभू म्हणाला. "झुंबर बी बरा आसा." आणि तो निघून गेला. सगळे असंच म्हणायचे आणि निघून जायचे.

शेवटी डिचोलीचा यशवंतशेट आला. त्याचा सिमेंटचा मोठा व्यापार, आणि पेडण्यात त्याला गोदाम हवं होतं. त्याने हॉल पावलांनी मोजला, भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि वर बघून म्हणाला, "ह्या झुंबर काढूक जाय. पोती रचताना आडवा येतला." भाडं तो बरं देणार होता. काशिनाथने दिवाळीच्या आधीच्या सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली. सोमवारी कागदावर सही झाली की सुमुहूर्त सभागृहात पाच वर्षं सिमेंट नांदणार होतं. काशिनाथला त्या विचाराने घास गिळवेना. मुरगावहून तो ताठ मानेने परत आला होता. आता सिमेंटच्या पोत्यांचा घरमालक म्हणून बाजारात कसं फिरायचं, हे त्याला कळेना.

अशा वेळी जावई धावून आला.

जावई म्हणजे साईश. घर डिचोलीला, नोकरी पणजीला, आणि डोक्यात सदानकदा काहीतरी योजना. घरी तो सगळ्यांसारखाच बोलायचा, पण धंद्याचा विषय निघाला की एकदम पुस्तकातलं मराठी बोलायला लागायचा आणि पाठीचा कणा ताठ करायचा.

"मामा, तुमची अडचण एकच आहे," तो म्हणाला. "तुमचा हॉल लोकांनी आतून पाहिलेलाच नाही. आपण इथे मोफत उद्योजकता शिबिर घेऊ. आमचे पणजीचे किरण सर शिकवायला येतील. चाळीस होतकरू माणसं दिवसभर इथे बसतील, पंख्याचा वारा घेतील, झुंबर बघतील, घरी जाऊन सांगतील. फुकट कार्यक्रमातून विश्वास मिळतो आणि विश्वासातून गिऱ्हाईक."

"आणि खर्च?"

"खर्च कसला? हॉल तुमचा, खुर्च्या तुमच्या. चहा आणि बिस्किटं, बस्स."

काशिनाथला हे पटलं. पटायचं एक कारण असं की सांगणारा जावई होता, आणि दुसरं असं की सांगणारी भागीरथी नव्हती.

मग चहा-बिस्किटांच्या मागून बाकीचं एकेक यायला लागलं. किरण सर मानधन घेत नाहीत, पण त्यांना पणजीहून गाडी लागते. गाडी आली म्हणजे ड्रायव्हर आला, आणि ड्रायव्हर जेवतो. सरांना शाल आणि नारळ द्यायला हवा, सरांना दिला तर सरपंचांना नको का? रविवारी पेडण्यात वीज असेलच असं कोण सांगणार, तेव्हा जनरेटर. पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र म्हापशाहून भाड्याने. रस्त्यावर एक फलक, बाजारात एक, केरीच्या किनाऱ्यावर एक, का तर तिथे पर्यटनामुळे 'उद्योजकतेचं वातावरण' आहे. चाळीस फायली, चाळीस पेनं आणि 'भावी उद्योजक' असं छापलेले चाळीस बिल्ले. दर वेळी साईश म्हणायचा, "ते काय मामा, किरकोळ," आणि दर वेळी काशिनाथ मान हलवायचा. जावयाला नाही कसं म्हणणार? फुकट शिबिराला एवढे पैसे लागतात तर विकतच्या शिबिराला किती लागत असतील, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला, पण तो त्याने गिळला.

एवढं करून गुरुवारपर्यंत नावं आली चार. त्यातलं एक साईशचं, एक त्याच्या बायकोचं म्हणजे सुविधाचं, एक विमा विकणाऱ्या माणसाचं आणि एक त्या विमेवाल्याला चुकवायला आपलं नाव खोटं सांगणाऱ्याचं.

काशिनाथ घरी येऊन ओट्यावर बसला. भागीरथी सुपात तांदूळ निवडत होती.

"माणसां जमूक व्हयी गो," तो म्हणाला. "चार माणसांनी कितें विश्वास जमतलो?"

"बाबलीक सांगा," ती सुपातून वर न बघता म्हणाली. "बाबलीन बोलवल्यार येवचे नाय असो माणूस गावात नाय."

हे मात्र खरं होतं. बाबली देवळाचं काम बघणारा. गेली तीस वर्षं गावातलं प्रत्येक आमंत्रण बाबलीच्या पायांनी चालत गेलेलं. लग्न असो, समाराधना असो, बाबली दारात उभा राहिला की आमंत्रण पोचलं. छापलेली पत्रिका पोस्टाने आली तर लोक ती वाचून ठेवून द्यायचे आणि बाबली कधी येतो त्याची वाट बघायचे.

बाबलीला बोलावणं गेलं. तो आला, पायरीवर बसला आणि काशिनाथने त्याला शिबिराची गोष्ट सांगितली. उद्योजकता, किरण सर, पडदा, सगळं. बाबलीने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं, समजलं किती ते देव जाणे.

"म्हणजे आयतारी तुमच्या नव्या हॉलात गावाक बोलवचा," तो म्हणाला.

"व्हय."

"रीतीप्रमाणे?"

"रीतीप्रमाणेच. काय कमी पडूक नाय जाय."

"सगळे वाडे?"

"सगळे वाडे," काशिनाथ म्हणाला. चाळीस माणसं जमवायची तर दोनशे घरांना सांगायला हवं, असा त्याचा हिशेब.

बाबलीने भागीरथीकडे पाहिलं. ती आत गेली आणि कुंकवाच्या अक्षता नि सुपाऱ्या भरलेलं ताट घेऊन आली. बाबलीने ताटाला हात लावून नमस्कार केला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

"देवान बुद्धी दिली तुका काशिनाथबाब," तो म्हणाला. "उशिरा, पण दिली."

उद्योजकतेबद्दल म्हाताऱ्याला एवढी आस्था असेल असं काशिनाथला वाटलं नव्हतं. त्याला फार बरं वाटलं.

शनिवारी संध्याकाळी इब्रामपूरहून भागीरथीचा भाऊ पांडुरंग टेंपो घेऊन आला. टेंपोत पोती होती, वर भोपळे आणि सुरणाचे कांदे होते. पांडुरंगची शेती आहे, उद्या बाजारात माल नेणार असेल, असं म्हणून काशिनाथने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याचं सगळं ध्यान फलकाकडे होतं. फलकावर किरण सरांचा फोटो एवढा मोठा होता की शिबिर कुठे आहे ते लिहायला कोपराच उरला होता.

रविवारी साडेनऊला रस्त्यावर माणसं दिसायला लागली.

काशिनाथ हॉलच्या दारात सफारी घालून उभा होता. आधी पाच-सहा आले, मग वीस-पंचवीस, आणि मग वळणावरून जी रांग सुरू झाली ती संपेचना. त्याचा ऊर भरून आला. साईशने तर त्याचा हात हातात घेऊन दाबला. "मामा, याला म्हणतात प्रसिद्धी," तो म्हणाला. "केरीचा फलक लागू पडला."

जवळ आल्यावर काशिनाथला एकेक गोष्ट खटकायला लागली. होतकरू उद्योजकांच्या कडेवर पोरं होती. होतकरू उद्योजकांपैकी बरेच साठीच्या पुढचे होते आणि दोघांना खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, केसांत अबोली माळून आल्या होत्या. आणि रिकाम्या हाताने कोणीच नव्हतं. कोणाकडे नारळाची जोडी, कोणाकडे केळ्यांचा घड, कोणाकडे कागदात गुंडाळलेली समई.

दारातल्या मेजावर सुविधा नोंदणीला बसली होती. फॉर्मवर 'व्यवसायाची कल्पना' असा रकाना होता. पहिल्या बाईने त्यात 'जेवण' लिहिलं, आणि मागच्यांनी ते बघून तेच लिहिलं. चाळीस बिल्ले तर दहा मिनिटांत पोरांनी पळवले. शेवटचा भावी उद्योजक पांडुरंगच्या टेंपोच्या आरशाला लटकत होता.

वाड्यावरची शांतामावशी, वय वर्षं ऐंशी, काठी टेकत काशिनाथसमोर येऊन थांबली. तिने त्याच्या हातात नारळ दिला, तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "पंगत कितक्याक बसतली रे बाबा?"

काशिनाथने नारळ हातात धरून आजूबाजूला बघितलं.

"बाबली!" तो ओरडला. बाबली धोतराचा सोगा सावरत आला. "अरे, तू लोकांका सांगलंस तरी कितें?"

"तुमी सांगलात ताच," बाबली म्हणाला. "रीतीप्रमाणे. उंबऱ्यार अक्षत-सुपारी ठेवली आणि सांगलंय, आयतारी काशिनाथाच्या नव्या वास्तूत, चूलबंद."

आता चूलबंद म्हणजे काय ते पेडण्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही. म्हातारे, पोरं, घरी आलेला पाहुणा, सगळ्यांनी जेवायला यायचं. नव्या वास्तूचं जेवण असंच सांगतात. दोनशे घरं, दोनशे बंद चुली. आणि काशिनाथच्या स्वयंपाकघरात ग्लुकोजच्या बिस्किटांचे आठ पुडे.

तो मागच्या दाराकडे पळाला. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थांबला. तीन चुली धडधडत होत्या. भागीरथी पदर खोचून मोठ्या टोपात पळी फिरवत होती. सात-आठ बायका खाली बसून सुरण चिरत होत्या, दोघी नारळ खवत होत्या. भाताच्या टोपावरचा दुकानाचा कागद एका बाजूने पेटला होता.

"कागद जळता गो!" काशिनाथच्या तोंडून निघालं. त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

"जळूंदे. दीड वर्स चिकटून होतो," भागीरथी म्हणाली. "पयली पंगत एक वाजता. तुमचा शिबिर काय ता तोपर्यंत आटपा. आणि वाटेत उभे राव नकात."

तो वाटेतून बाजूला झाला आणि आटपायला गेला.

हॉलमध्ये पाचशे खुर्च्या भरून माणसं भिंतीला टेकली होती. किरण सर गळ्यातला टाय सैल करून चाळीस माणसांसाठी तयार केलेल्या कागदांकडे बघत होते. सरपंचांनी समईची पहिली वात पेटवली, आणि साईश माइकजवळ जाणार तेवढ्यात बाबली पुढे आला. कार्याच्या आधी गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. त्याने पाटावर नारळ ठेवला, हात जोडले आणि डोळे मिटून मोठ्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल एका आवाजात म्हणाला. झुंबर किणकिणलं.

"आज हो तुझो लेकरू काशिनाथ तुझ्या पायाकडे उभो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येनी वास्तू बांधली, रिबीन कापली, मुरगावच्या पावण्यांका पॅटीस आणि थंड पाजलान म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पूण शेजाऱ्याचा पान मांडूक विसारलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" हा आवाज सगळ्यांत मोठा होता. शंभूचा तर वेगळा ऐकू आला.

"ज्या वास्तूत गाव जेवूक नाय, थंय गावान मंगलाष्टक म्हणूचा कसा म्हाराजा? म्हणान दीड वर्स ही वास्तू सुनी रवली. आज तो आपली चूक सुधारता. चारचौघांका बोलवल्यान हा, चूल बंद केल्यान हा. आता कोणाच्या मनात काय किल्मिष आसात तर ता दूर कर, आणि ह्येच्या हॉलाक सोन्यासारखी गिरायकां दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी किरण सरही ओरडले. लोकांना जागं ठेवायची ही युक्ती त्यांना फार आवडली होती आणि त्यांनी ती वहीत टिपून घेतली.

काशिनाथ खांबाला धरून उभा होता. त्याला लाज वाटली. अशी लाज त्याला बावीस वर्षांत साहेबांच्या बोलण्याने वाटली नव्हती. रिबन कापली तो दिवस त्याला आठवला. मुरगावचे साहेब आले होते, पॅटीसचे खोके आले होते, आणि गावातली माणसं रस्त्यापलीकडे उभी राहून झुंबराकडे बघत होती. त्यांना आत या असं म्हणायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. ती माणसं मग गेली होती आपापल्या घरी, आपापल्या चुलीवरचं जेवायला. वाईट कोणी काही बोललं नाही. हॉल बरा आहे म्हणाले, झुंबर बरं आहे म्हणाले.

मग शिबिर झालं. किरण सरांनी जीव तोडून भाषण केलं. गिऱ्हाइकाला आधी काहीतरी द्या, म्हणजे तो तुमचा होतो, असं ते सांगत होते, आणि मागच्या दारातून सुरण-भोपळ्याच्या खतखत्याचा वास त्यांच्या प्रत्येक वाक्याबरोबर आत येत होता. बाराला लोकांचे डोळे पडद्यावरून उठून त्या दाराकडे गेले ते परत आले नाहीत. सर हुशार, त्यांनी एकेकाला बोलतं करायचं ठरवलं. खाली उतरून त्यांनी माइक शांतामावशीसमोर धरला.

"आजी, आजच्या दिवसातून तुम्ही घरी काय घेऊन जाणार?"

"मणगणां," शांतामावशी म्हणाली, आणि डाळ-गुळाच्या त्या खिरीसाठी आणलेला पितळी डबा पिशवीतून काढून दाखवला. "आमचो म्हातारो खाटल्यार आसा. ताका येवक जमाना नाय."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी तिथेच समारोप केला.

पंगती तीन झाल्या. बाहेर केळीची पानं कमी पडली ती शंभूने आपल्या परसातून तोडून आणली, न मागता. कोणी पाणी वाढलं, कोणी मीठ. किरण सरांनी टाय खांद्यावर टाकून वरण वाढलं, आणि साईश भाताची परात घेऊन वाकून वाकून इतका दमला की संध्याकाळपर्यंत त्याच्या तोंडून पुस्तकातलं एक वाक्य निघालं नाही. काशिनाथ स्वतः प्रत्येक पानासमोर जाऊन "सावकाश जेवा" म्हणत होता. पहिल्या दहा पानांपाशी त्याचा आवाज निघेना, मग सराव झाला.

दुसऱ्या पंगतीला यशवंतशेट आला. तो आला होता मोजपट्टी घेऊन, दाराची उंची ट्रकला पुरते का ते बघायला. दारातून त्याला कोणीतरी हाताला धरून पानावर नेऊन बसवलं. त्याने खतखतं दोनदा घेतलं, मणगणं तीनदा, आणि हात धुऊन मोजपट्टी खिशात घालत काशिनाथजवळ आला.

"काशिनाथबाब, आमचा ता गोदामाचा रद्द," तो म्हणाला.

"कित्याक?" काशिनाथने विचारलं.

"अरे, जेवलंय मरे मी हय! वास्तूचा जेवण जेवून थंयच सिमेंट घालू? घरात कळला तर माका कोण पाण्याक विचारूचो नाय." जाता जाता तो वळला. "आणि धाकट्या पुतणीचा लगीन माघात जमता. तारीख ठरली की कळयतंय. झुंबर आसूंदे."

चार वाजेपर्यंत माणसं पांगली. जाताना शंभूने खाली बघत विचारलं की तुळशीचं लग्न झाल्यावरचा दुसरा शनिवार मोकळा आहे का, त्याच्या धाकटीचं बघताहेत. आणखी दोघांनी असंच काहीबाही विचारलं. सगळीच मोकळी असलेली वही काशिनाथने उगाच उलटसुलट चाळून दाखवली आणि मग "बघूया, जमवूया" म्हणाला. जावई म्हणाला, "बघा मामा, मी म्हटलं नव्हतं?" काशिनाथने वही मिटली. दोनशे घरं जेवून गेली म्हणजे उद्यापासून त्या दोनशे घरांतल्या प्रत्येक लग्नमुंजीला आपल्याला चूलबंद येणार आणि प्रत्येक ठिकाणी आहेर न्यावा लागणार, हा खर्च किरण सरांच्या कुठल्याच चित्रात नव्हता, एवढं मात्र त्याच्या लक्षात आलं.

सगळे गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला. भागीरथी एकटीच भिंतीला टेकून बसली होती. रिकामे टोप उपडे घातले होते. कोपऱ्यात रिकामी पोती घडी करून ठेवली होती आणि त्यांवर इब्रामपूरच्या गिरणीचा शिक्का होता. काशिनाथ त्या शिक्क्याकडे बघत राहिला. मग मणगण्याच्या टोपाकडे बघत राहिला. टोपाच्या तळाला शिजलेली चण्याची डाळ थोडी उरली होती.

"गो," तो म्हणाला, "चण्याची डाळ आदल्या राती भिजत घालूची पडता मगो?"

"व्हय."

"आणि बाबलीन काल रातीपर्यंत माका काय सांगूक नाय."

"तुमी इचारूक नाय."

काशिनाथ खाली बसला. तिच्या हातावर डाग पडले होते, बोटं नारळ खवून लाल झाली होती. सुपात निवडलेले तांदूळ, अक्षतांचं भरलेलं ताट, पांडुरंगचा टेंपो, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक गेलं. बाबली आला त्याच्या आधीच हिचे तांदूळ निवडून झाले होते.

"माका सांगूक काय झाला होता?"

"सांगलंय होता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "रिबीन बांधी होते ते, तेव्हाच सांगलंय, गावाक जेवण घालूया. तुमी हां, हां म्हणालात. मागीर दोनदा सांगलंय. तेव्हाय हां, हां म्हणालात. मागीर मी म्हटला, ह्यांका जावयाच्या तोंडानच कळतला. जावयाक ह्यातला काय ठावक नाय हां. तेणी आपला शिबिर काढल्यान, मी माझा पंगत."

काशिनाथला यावर म्हणण्यासारखं बरंच काही होतं, पण ते सगळं 'हां'ने सुरू होत होतं. मग त्याला एक गोष्ट सुचली.

"तू जेवलंस?"

"नाय. वाढता वाढता रवला."

तो उठला. शंभूच्या परसातलं एक पान उरलं होतं, ते त्याने धुतलं. भागीरथीला हाताला धरून उठवलं आणि हॉलमध्ये नेऊन अगदी मधोमध, झुंबराखाली बसवलं. पाचशे खुर्च्यांमध्ये ती एकटीच पाटावर. जनरेटर परत गेला होता पण वीज आली होती, तेव्हा त्याने झुंबर लावलं. मग भात आणला, खतखतं आणलं, टोप खरवडून मणगणं आणलं. मीठ कुठे वाढतात ते त्याला आठवेना, तिने बोटाने पानावरची जागा दाखवली.

"सावकाश जेव," तो म्हणाला. दिवसभर पाच-सहाशे वेळा म्हटलेले शब्द, पण तिला म्हणायची ही पहिलीच वेळ.

भागीरथीने पहिला घास घेतला, वर झुंबराकडे पाहिलं, दुसरा घास घेतला.

"तो टायवालो कितें सांगा होतो ओ?" तिने विचारलं. "माका आत नीट आयकूक येयना."

"तो? तो म्हणा होतो, आधी लोकांका कितें तरी फुकट देवचा. मागीर गिरायकां येतत."

"येतत मगो," भागीरथी म्हणाली, आणि आणखी भातासाठी पान थोडं पुढे केलं.